साठ पटींचा मोह

नगरमध्ये ‘रेंज’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती के. के. रेंज. खारे कर्जुने परिसरातल्या लष्कराच्या त्या सरावक्षेत्रात रणगाडे किलोमीटरच्या हिशेबाने नेम धरतात. शहरात आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र, शिवाय रणगाड्यांचं संग्रहालय. त्यामुळे तोफ आणि दुर्बीण या गोष्टींचं इथे कुणाला नवल नाही. नेमबाजीला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींची रेंज मात्र 10 मीटरची असते, एखाद्या लांबट वर्गखोलीएवढी. पुढे .22 रायफल हाती आली की 50 मीटरची. तरीही ‘स्पॉटिंग स्कोप’ घ्यायची वेळ आली, म्हणजे छिद्र कुठे पडलं ते जागेवरून पाहण्याची एका डोळ्याची दुर्बीण, की घरातली मंडळी मापं के. के. रेंजची लावतात. खोक्यावर ‘20-60×60’ असं छापलेलं असतं, म्हणजे 20 ते 60 पटी आणि 60 मिलिमीटरचं पुढचं भिंग. त्यातल्या 60 पटींकडे बघून पैसे मोजले जातात आणि फसगत होते ती नेमकी तिथेच. बेताच्या किमतीच्या स्कोपमध्ये सर्वांत कमी उपयोगाचा आकडा तोच असतो.

हिशेब साधा आहे. .22 च्या गोळीचा व्यास 5.6 मिलिमीटर. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा ओळखता येतो. 50 मीटरवरचं हे छिद्र त्याच्या निम्म्याहूनही लहान कोन करतं, म्हणून नुसत्या डोळ्याला ते सापडत नाही. आता 20 पट मोठं करा. 50 मीटरवरचा कागद जणू अडीच मीटरवर येतो, खोलीतल्या समोरच्या भिंतीवर टांगल्यासारखा. तेवढ्यावरून छिद्र दिसतं, आणि 10.4 मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात ते कोणत्या बाजूला आहे तेही कळतं. 60 पटींनी कागद आणखी जवळ येईल, पण त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. 60 मिलिमीटरच्या भिंगातून 20 पटींना 3 मिलिमीटरचा झोत येतो, 60 पटींना फक्त 1 मिलिमीटरचा. दिवसा बाहुली साधारण 2 ते 3 मिलिमीटर उघडी असते. म्हणजे 20 पटींना ती पुरती भरते आणि 60 पटींना उपाशी राहते. चित्र काळवंडतं, आणि टार्गेटच्या काळ्या भागातलं काळं छिद्र सर्वांत आधी हरवतं. छिद्र पांढऱ्या पट्टीत पडलं असतं तर ते कोणत्याही स्कोपने दाखवलं असतं. अडचण चांगल्या नेमबाजाचीच जास्त.

दुसरी गोष्ट हवेची. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, उघड्या माळांचा. फाल्गुन उलटला की दुपारी जमीन तापते आणि तिच्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरू लागते. स्कोप छिद्राबरोबर ती थरथरही मोठी करतो. 60 पटींना टार्गेट पाण्याखाली ठेवल्यासारखं हलतं आणि लाखाच्या काचेलाही त्यावर इलाज नाही. गंमत अशी, की हीच थरथर नेमबाजाच्या कामाची असते. स्कोपचा फोकस टार्गेटच्या किंचित अलीकडे घेतला की मृगजळाच्या लाटा डावीकडून उजवीकडे किंवा उलट वाहताना दिसतात. त्या सरळ वर उसळू लागल्या, तर आडवा वारा पडला आहे किंवा नेमाच्या रेषेतूनच वाहतो आहे. साध्या आडव्या झुळकीनेही .22 ची गोळी 50 मीटरवर दहाच्या बाहेर ढकलली जाते. त्यामुळे हे वाचन शोभेचं नाही, गुणांचं आहे. आणि ते 20-25 पटींनाच नीट जमतं, कारण लाट वाचायची तर चित्र रुंद हवं.

यावर कुणी म्हणेल, आता इलेक्ट्रॉनिक टार्गेटं आली, प्रत्येक गोळी पडद्यावर दिसते, मग स्कोप हवाच कशाला? कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते अशाच टार्गेटांवर. आक्षेप निम्मा खरा आहे. 10 मीटरसाठी तर तो पूर्ण खरा: आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफल प्रकारांत स्पॉटिंग स्कोप फक्त 50 आणि 300 मीटरला चालतो. एअर रायफलवाल्या मुलाच्या पालकांनी स्कोपचे पैसे छर्ऱ्यांवर आणि चांगल्या जॅकेटवर घालावेत. पण 50 मीटरवर पडदा गोळी कुठे गेली एवढंच सांगतो. वारा काय करतो आहे, ते गोळी सुटण्याआधी कळायला हवं. शिवाय सराव कागदी टार्गेटवर असेल तर पडद्याचा प्रश्नच येत नाही.

मग पैसे कुठे घालायचे? 50 ते 65 मिलिमीटरचं भिंग, सगळ्या काचांवर अनेक थरांचं कोटिंग आणि 45 अंशांत वाकलेली नेत्रिका. ही शेवटची गोष्ट दुकानात क्षुल्लक वाटते. पण पालथं पडून किंवा गुडघ्यावर बसून नेम धरलेल्या माणसाला मान जरा वळवून त्यात डोकावता येतं, बसलेली बैठक मोडत नाही. सरळ नळीचा स्कोप असला तर दर गोळीला अंग हलतं आणि पुढची गोळी नव्या बैठकीतून सुटते. चष्मा असेल तर डोळा नेत्रिकेपासून 15 मिलिमीटर किंवा अधिक दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं का, ते बघून घ्यावं. उरलेली रक्कम ट्रायपॉडवर. स्कोपबरोबर फुकट मिळणारी वीतभर तिपाई वाऱ्याने डुलते, आणि डुलणाऱ्या तिपाईवर महागडी काचही स्वस्तच ठरते. पारख करायची तर दुकानाबाहेर येऊन आकाशासमोरची विजेची तार पाहावी: तारेच्या कडेला जांभळी झालर जितकी रुंद, तितकी काच हलकी. मग झूम पूर्ण फिरवून तीच तार पुन्हा पाहावी.

आणखी एक आक्षेप घरातूनच येतो: एवढ्या एका कामासाठी हजारो रुपये? पण हेच नळकांडं हिवाळ्यात जायकवाडीच्या फुगवट्यावर, नेवासे-शेवगावच्या बाजूला, पाणपक्षी दाखवतं आणि रेहेकुरीच्या माळावर काळवीट. फक्त तिन्हीसांजेला पक्षी पाहायची हौस असेल तर 80 मिलिमीटरचं भिंग लागेल, आणि ते वजन रेंजवर उगाचच वाहावं लागेल.