भिवंडीचा यंत्रमाग आणि व्यापारनीतीतील राष्ट्रीय हित

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभिजात सिद्धान्तात राष्ट्रे ही समान पातळीवरील ग्राहक व विक्रेते म्हणून कल्पिलेली असतात. तुलनात्मक लाभानुसार उत्पादन झाल्यास सर्वांचेच हित साधते, असे रिकार्डोपासून प्रतिपादिले गेले. जकातीचे दर ठरविण्याची सत्ता कोणाच्या हाती, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरास मात्र तोच मूळ प्रश्न होय.

लँकेशायरच्या दडपणाखाली 1882 मध्ये हिंदुस्थानातील कापडावरील आयात-जकात रद्द झाली. तिजोरीच्या गरजेमुळे 1894 मध्ये ती पुन्हा बसविण्यात आली. परंतु 1896 मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावर तितकाच अबकारी कर, असा ‘समतोल’ साधण्यात आला. हा कर 1926 पर्यंत टिकला. पुढे 1930 मध्ये संरक्षण मिळाले, तेही ब्रिटिश कापडास 15 आणि इतरांस 20 टक्के अशा भेदानेच. आर्थिक सिद्धान्त देशकालसापेक्ष असतात, हे न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मधील डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडलेले मत या इतिहासाने सार्थ ठरविले.

साम्राज्य गेले, तरी प्रवृत्ती गेली नाही. खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांनीच 1962 च्या दीर्घकालीन करारान्वये सुती कापडाच्या आणि 1974 पासून बहुधागा करारान्वये इतरही वस्त्रांच्या आयातीवर कोटे लादले. ती व्यवस्था 2004 अखेर संपली.

व्यापार खंडित झाल्यास ज्याची हानी अधिक, तो पक्ष दुर्बल, असे हर्शमन यांनी 1945 मध्ये दाखविले. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 25 टक्के जकात लादली आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन तीत आणखी 25 टक्क्यांची भर घातली. वाद तेलाचा, भार मात्र कापडासही सोसावा लागला. भिवंडीचा माल बहुशः ग्रे कापडाच्या रूपाने बाहेर पडतो, रंगाई व शिलाई अन्यत्र होते. त्यामुळे अशा आघाताचा परिणाम येथे मागणी मंदावल्याच्या रूपाने, अप्रत्यक्षपणे पोहोचतो.

तथापि ‘राष्ट्रीय हित’ ही वस्तूही एकजिनसी नाही. सूत उत्पादकास संरक्षण हवे असते. विणणाऱ्यास सूत स्वस्त हवे असते. पॉलिएस्टर सुतावर 2023 मध्ये लागू झालेल्या गुणवत्ता-नियंत्रण आदेशांमुळे आयात अवघड झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये ते मागे घेण्यात आले. मोठे सूत उत्पादक थोडे व संघटित असतात. यंत्रमागधारक असंख्य, परंतु विखुरलेले. म्हणून राष्ट्राराष्ट्रांमधील सामर्थ्याचा नियम राष्ट्राच्या आतही लागू पडतो.

व्यापारनीतीच्या अभ्यासकाने जकातीचा दर तपासताना दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : तो कोणाच्या बळावर ठरला, आणि राष्ट्रहिताच्या नावाखाली कोणाचे हित गणतीतून सुटले? त्यांची उत्तरे मिळाल्याखेरीज भिवंडीतील माग कधी चालतो आणि कधी थांबतो, याचा उलगडा होणार नाही.