कूस बदलण्याचे शास्त्र

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर जखम झाली, की दोष वयाला, मधुमेहाला नाहीतर नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात बेडसोअर हा मुख्यतः दाबाचा परिणाम असतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि पेशी प्राणवायूवाचून मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. अर्धांगवायू झालेल्याला ते जमत नाही, मज्जारज्जूला इजा झालेल्याला तर दुखणेही कळत नाही. म्हणून कूस बदलून देणे हा उपचारच आहे.

नेहमी सांगितले जाते तसे दर दोन तासांनी कूस बदलून देणे कुणाला झेपणार, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिका आणि कॅनडातील शुश्रूषागृहांतल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांच्या अंतरांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण तिन्ही गटांत कूस नियमाने बदलली जात होती. साध्या गादीवर ही सवलत गृहीत धरता येत नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे स्पर्शाला गरम किंवा कडक लागणारी जागा हाच इशारा समजावा, ती चोळू नये आणि तिच्यावरचा भार लगेच काढावा.