बर्फाशिवायची हुडहुडी

“नाशिकमध्ये कसली आलीय थंडी?” असं विचारणाऱ्या पाहुण्याला जानेवारीत पहाटे साडेसहाला स्कूटीवर मागे बसवावं आणि सातपूरच्या पपया नर्सरी चौकात आणून उभं करावं. उत्तर द्यायची गरज पडत नाही. त्याचे दातच देतात!

आता बर्फ आपल्याकडे पडत नाही, हे कबूल. टोरांटोत सेटल झालेला मित्र बर्फात बुडालेल्या गाडीचा फोटो पाठवतो आणि वर लिहितो, ‘उणे वीस!’ आपण आपले आठ अंश सांगायला लाजतो. पण त्याला एकच प्रश्न विचारून बघा. घरात किती आहे रे? तो म्हणेल, एकवीस-बावीस. म्हणजे साहेब घरात टी-शर्टवर फिरताहेत, आणि इथे मी दोन स्वेटर, कानटोपी आणि मोजे घालून रजईत बसून लॅपटॉप उघडतेय. तिकडची थंडी दाराबाहेर असते. आपली थंडी आत राहायला येते, भाडं न देता!

याचं कारण सरळ आहे. आपली घरं बांधलीत उन्हाळ्यासाठी. गार फरशी, भरपूर खिडक्या, दाराखाली बोटभर फट. एप्रिलमध्ये हे सगळं सुख असतं. डिसेंबरमध्ये तीच फरशी तळपायातून थेट मेंदूपर्यंत जाते. सातपूरच्या कामगार वस्त्यांमधल्या पत्र्याच्या खोल्यांचे हाल तर विचारूच नका. पत्रा रात्री झपाट्याने गार होतो आणि आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्यावर जमून पहाटे थेंब थेंब अंथरुणावर पडते.

एवढा गारठा येतो कुठून?

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर. त्यात हिवाळ्यात उत्तरेकडे हिमालयात बर्फ पडला की तिकडचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. आकाश निरभ्र, हवेत दमटपणा नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, आणि ती अडवायला ढगांची गोधडीच नसते. म्हणूनच दुपारी अठ्ठावीस आणि पहाटे नऊ असा आपला फंडा! सकाळी घातलेलं जॅकेट दुपारी हातात घेऊन फिरावं लागतं ते यामुळेच.

आणि आकडे म्हणाल तर आपणही काही कमी नाही. नाशिकचा नोंदलेला नीचांक आहे उणे ०.६ अंश, तारीख ७ जानेवारी १९४५. शेजारच्या निफाडला तर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरच्या पहिल्या पानावर येतो. गव्हाला ही थंडी मानवते, पण द्राक्षाला नाही. मणी तडकतात, वाढ थांबते. मग शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी सोडतात, कारण जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. आपण रजईत ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत असतो, तेव्हा कुणीतरी आख्ख्या वर्षाची कमाई धुराने शेकत असतो.

हवामान खात्याची थंडीची लाट कधी असते, ठाऊक आहे? सपाट भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याहून कमी, आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली. त्यामुळे ‘लाट आलीय’ असं कुणी म्हणालं की हसू नका.

बाइकवर शून्य अंश

सातपूर म्हणजे एमआयडीसी, आणि एमआयडीसी म्हणजे शिफ्ट. सातच्या पहिल्या शिफ्टला निघणारी पब्लिक आणि नाइट शिफ्ट संपवून परतणारी पब्लिक त्र्यंबक रोडवर एकमेकांसमोरून जाते. सगळ्यांचे चेहरे मफलरमध्ये. ओळख पटते ती फक्त हेल्मेटवरून!

इथे एक गणित लक्षात ठेवा. हवा सहा अंशांवर असेल आणि तुम्ही ताशी चाळीसने गाडी हाणत असाल, तर उघड्या कातडीला ती साधारण शून्य ते एक अंशासारखी लागते. दहा अंशांची हवा सहासारखी लागते. वारा अंगाभोवतीचा उबदार हवेचा पातळ थर उडवून नेतो, म्हणून. तेव्हा जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं पातळ जॅकेट जास्त कामाचं. माझा स्वतःचा हिशोब असा: आत अंगालगत थर्मल, मध्ये साधा लोकरीचा स्वेटर, वर विंडचीटर. ऑफिसात पोचलं की कांद्यासारखे एकेक पापुद्रे काढायचे. स्वेटर-शालींसाठी शरणपूर रोडचं तिबेटियन मार्केट आहेच, घासाघीस करायची तयारी मात्र हवी.

हातमोज्यांत कंजुषी करू नका. बधिर बोटांना ब्रेक उशिरा सापडतो आणि समोर ट्रेलर असेल, तर तो उशीर महागात पडतो. गाडीचंही असंच. सकाळी सेल्फ मारत बसून बॅटरी संपवण्यापेक्षा चोक ओढा, किक मारा, अर्धा मिनिट थांबा. तिलाही उठायला वेळ लागतो, आपल्यासारखाच.

बाथरूममधला न दिसणारा शत्रू

आता जरा सीरियस. थंडीत खरा धोका रस्त्यापेक्षा बाथरूममध्ये असतो, हे मी स्वतः पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी सातपूर कॉलनीजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. बाथरूम एवढंसं, त्यातच गॅस गीझर लावलेला. गार वारा येतो म्हणून झरोक्याला आधीच्या भाडेकरूंनी पुठ्ठा ठोकलेला. डिसेंबरातल्या एका सकाळी माझी रूममेट अंघोळीला गेली आणि वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. पाण्याचा आवाज चालू, हाकेला उत्तर नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी खांदा मारून कडी तोडली. ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट उघडे. तिला उचलून गॅलरीत आणलं, गॅस बंद केला, १०८ला फोन लावला. दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर काही तासांनी ती नीट बोलायला लागली. नंतर म्हणाली, “मला कळत होतं काहीतरी होतंय, पण पाय उचलेनात.”

हा प्रताप कार्बन मोनॉक्साइडचा. बंद जागेत गॅस जळत राहिला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलन अर्धवट होतं आणि हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवातीला फक्त डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते. गरम पाण्याची वाफ लागली असेल असं आपल्याला वाटतं आणि तोवर कडीपर्यंत पोचायची ताकदच राहत नाही.

म्हणून एवढं कराच:

• गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. घरमालक कुरकुरले तरी मागे लागा. आमच्या मालकांनी आठवड्यात तो गॅलरीत हलवला.

• तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गॅस बंद करा, हवा खेळू द्या, मगच आत जा.

• झरोका कधीच बुजवू नका.

• कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातली शेकोटी बंद खोलीत ठेवून झोपू नका. निखारे लाल दिसतात, धूर दिसत नाही, पण तोच वायू तिथेही असतो.

• अंघोळीला कुणी जास्त वेळ लावला तर हाक मारा. हसतील, हसू देत.

पोटाची शेकोटी

एवढ्या गंभीर गप्पांनंतर खायला हवंच. बाजरीची भाकरी, भरीत, वर लोण्याचा गोळा. हुलग्याची शेंगोळी. आईने पाठवलेले डिंकाचे लाडू ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये लपवून ठेवावेत, नाहीतर टीम लीडर आधी पोचतो! आणि रविवारी सकाळी झणझणीत रश्श्याची मिसळ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खोबरेल तेल मात्र चोवीस अंशांच्या खाली थिजतं, तेव्हा बाटली आदल्या रात्रीच कोमट पाण्यात ठेवायची आठवण ठेवा. तहान लागत नसली तरी पाणी प्या, कारण कोरडी हवा ओठांआधी अंगातलं पाणी पळवते. आणि आईबाबांना पहाटेच्या फिरण्यापासून थोडं थोपवा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, ब्लडप्रेशर वाढतं. ऊन पडल्यावर फिरले तर काही बिघडत नाही.

वीकेंडला निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर गाठा. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र ठरलेली ही पाणथळ जागा हिवाळ्यात उत्तरेतून आलेल्या पक्ष्यांनी गजबजते. त्यांच्यासाठी आपली थंडी म्हणजे चक्क उबदार सुट्टी!

आणि हो, रात्री परतताना कंपन्यांच्या गेटबाहेर टायर, प्लायवूड पेटवून बसलेले वॉचमन दिसतील. टायरचा तो काळा धूर पहाटेच्या गार, जड हवेत वर जात नाही, त्यांच्याच छातीत जातो. आपल्या कपाटात दोन वर्षं न घातलेलं एक तरी जॅकेट असतंच. ते धुऊन या आठवड्यात गेटवर नेऊन द्या. आमच्या डिपार्टमेंटने गेल्या वर्षी अकरा जमवली. वॉचमनकाकांनी एकच विचारलं, “ताई, नाइटच्या बदली माणसाला पण एक मिळेल का?”

बारावं जॅकेट शोधायला लागा.