मजुरी काट्यावर, कसब हातात

तांब्याचं भांडं आपण तराजूत घालून विकत घेतो. दुकानदार हंडा काट्यावर ठेवतो, त्या दिवसाचा किलोचा भाव सांगतो, थोडी घासाघीस होते आणि हंडा घरी येतो. तोच हंडा पुढे मोडीत घालायचा झाला तरी काटा तोच. या सगळ्या व्यवहारात हातोडा चालवणाऱ्याचं नाव कुठे येत नाही. त्याची मजुरी किलोत विरून जाते. पुण्याच्या तांबट आळीत गेल्या काही वर्षांत जो प्रयत्न झाला, त्याचं मोल कळायला आधी हा काटा लक्षात घ्यावा लागतो.

तांबट आळी कसबा पेठेत, म्हणजे पुण्याच्या सगळ्यात जुन्या वस्तीत. 1730 साली पहिल्या बाजीरावानं शनिवारवाड्याचा पाया घातला, पुणं राजधानीचं शहर झालं आणि वाडे, देवळं, फौजफाटा या सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू करणारे हात इथे गोळा झाले. बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा ही नावं त्याच गजबजीची. तांबट आळीतली त्वष्टा कासार कुटुंबं मूळची कोकणातली मानली जातात. घरातच कारखाना, पुढच्या खोलीत ठोकाठोक आणि मागे संसार, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची राहणी. हंडे, कळश्या, घंगाळी, तपेली, ताम्हनं, अभिषेकपात्रं, देवळांचे कळस हे सगळं इथून बाहेर पडलं. आणि बंब. मधे विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. वाड्यावाड्यातल्या न्हाणीघरातला हा बंब म्हणजे खरं तर एक छोटा बॉयलरच होता.

या आळीचं खास काम म्हणजे मठारकाम. भांड्यावर आपल्याला एकसारख्या चमकत्या टिकल्या दिसतात, त्या नुसत्या नक्षीसाठी नसतात. तांबं तापवून लालसर केलं की मऊ पडतं. पोलाद तसं तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं, म्हणून ते हवं तसं वळवता येतं. पण असं मऊ भांडं वापरात टिकायचं नाही, बोट दाबलं तरी पोचा पडेल. म्हणून घडण झाली की भांडं चिंचेच्या किंवा सौम्य आम्लाच्या पाण्यात लख्ख करायचं, लोखंडी ऐरणीवर चढवायचं आणि आरशासारख्या घोटलेल्या तोंडाच्या हातोड्यानं ठोकत जायचं. प्रत्येक ठोक्याला त्या जागचं तांबं दबतं आणि घट्ट होतं. बहुतेक वेळा तळाच्या मध्यापासून सुरुवात होते आणि वर्तुळामागून वर्तुळ करत काम काठाकडे सरकतं. डावा हात भांडं केसभर फिरवतो, उजवा हात ठोका टाकतो. दोघांची लय चुकली की दोन टिकल्या एकमेकींवर चढतात आणि ती चूक पुसता येत नाही. हातोड्याच्या तोंडावर बारीकसा ओरखडा असला तरी तो पुढच्या शेकडो टिकल्यांवर उमटतो, म्हणून हातोडा घोटणं हेही या कामातलंच काम. घडणीचा पहिला भाग आता पुष्कळदा यंत्रावर होतो. मठार मात्र हाताचाच.

मग ही आळी ओस का पडू लागली? कारणं सगळ्यांच्या घरातली आहेत. आधी ॲल्युमिनियम आलं, मागोमाग स्टेनलेस स्टील. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंचेनं घासावं लागत नाही, आंबट ताक ठेवलं तरी कळकत नाही. नळ घरात आला आणि हंड्याची गरज संपली, गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला. घरातल्या बाईच्या हाताचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. पण भांड्यांबरोबर कसबही अडगळीत पडलं. वडिलांच्या डोळ्यांदेखत दिवसभराच्या ठोक्यांचा हिशेब किलोवर होत असेल, तर मुलानं नोकरी शोधावी हेच शहाणपण.

या टप्प्यावर इंटॅकची पुणे शाखा आळीत आली. इंटॅक ही वारसा जपणारी बिगरसरकारी संस्था, स्थापना 1984ची. वाडे, घाट, देवळं यांच्या नोंदी आणि जतन ही तिची नेहमीची ओळख. कसबा पेठेत मात्र नुसत्या इमारती जपून भागणार नव्हतं. आळीतले हातोडे थांबले तर उरणार ती फक्त पाटी. संस्थेनं तांबट आळीच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प हाती घेतला, त्याला फोर्ब्स मार्शल या पुण्याच्या कंपनीचं पाठबळ मिळालं. ही कंपनी वाफेच्या यंत्रणांतली. बंब घडवणाऱ्यांना बॉयलरवाल्यांनी हात द्यावा, हा योग मला फार आवडतो. रश्मी रानडे यांनी डिझाइनची बाजू सांभाळली आणि त्यातून पुढे 'स्टुडिओ कॉप्रे' हा सामाजिक उद्योग उभा राहिला.

त्यांनी केलं ते ऐकायला साधं आहे. मठार तोच ठेवला, वस्तू बदलल्या. आजच्या घरात ज्यांना जागा आहे असे वाडगे, दिवे, तबकं, कुंड्या. पूर्वी हंड्याच्या मजबुतीसाठी असलेली टिकली आता दिव्याच्या उजेडात खेळते. यातला खरा बदल माझ्या मते पैशाच्या हिशेबातला आहे. असा दिवा कुणी काट्यावर ठेवून मागत नाही. तो नगावर विकला जातो, आणि नगाच्या किमतीत धातूपेक्षा हाताचा वाटा मोठा असू शकतो. तीनशे ग्रॅम तांब्यावर दिवसभर खपलेल्या माणसाला न्याय द्यायचा तर हाच रस्ता आहे.

असंच एक उदाहरण पंजाबातल्या जंडियाला गुरूचं. तिथल्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला 2014मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तो मान मोठाच, पण यादीतल्या नावानं चूल पेटत नाही. तांबट आळी त्या यादीत नाही. तिथे आधी गिऱ्हाईक शोधलं गेलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

अडचणी संपल्यात असं मुळीच नाही. तांब्याच्या बाटल्यांची लाट आली तेव्हा बाजार यंत्रावर काढलेल्या मालानं भरला, त्यात ठशानं उठवलेला खोटा मठारही आला. पाहणाऱ्याला फरक कळतो. ठशाच्या टिकल्या एकजात सारख्या असतात, हाताच्या टिकल्या भांड्याच्या वळणाप्रमाणे लहान-मोठ्या होत जातात. पण घाईत खरेदी करणारा इतकं बघत नाही. कसब्यातली जागा सोन्याच्या भावाची झाली आहे, मेट्रो पेठेत पोचली आहे, जुने वाडे पाडून इमारती उठताहेत, आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ऐरण ठेवून ठोकत बसता येत नाही. शहराच्या विकास आराखड्यात कारागिरांना तळमजल्यावर हक्काची जागा मिळाली नाही, तर एकट्या संस्थेच्या बळावर हे फार काळ टिकणार नाही. महापालिकेनं हा प्रश्न आपला मानायला हवा.

संस्थांकडेही एक मागणं आहे. जुन्या भांड्यांच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं असतात: कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कुठल्या साली घेतलं. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. घडवणाऱ्याचं नाव तिथे सहसा सापडत नाही. आता वस्तू नगावर विकली जाते आहे, तर तिच्या तळाशी तांबटाचं नाव यायला काहीच हरकत नसावी.