चौकटीबाहेरची धावपट्टी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लहान गावांच्या वेशीवर जे छोटे विमानतळ होते, त्यांतील अनेकांचा आज मागमूसही उरलेला नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या घडणीतच आहे. 1939 मध्ये सुरू झालेल्या सरकारी नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जवळपासच्या खासगी उड्डाणशाळांकडून शिकवले जाई, आणि 1944 पर्यंत या मार्गाने चार लाखांहून अधिक वैमानिक तयार झाले. पायपर कब हे त्या काळचे लोकप्रिय शिकाऊ विमान रिकामे असताना साडेतीनशे किलोच्या आसपास भरे, त्यामुळे त्याला काँक्रीटची धावपट्टी लागत नसे. कापलेले गवत, एखादी लाकडी शेड आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी एवढ्यावर काम भागे. अशा मैदानावर पुन्हा नांगर फिरला किंवा घरे उभी राहिली की जमिनीवर शोधण्यासारखे फारसे काही उरत नाही. उरतात ती छायाचित्रे.

छायाचित्र हाती आले की ते कोणत्या मैदानावर टिपले हे शोधणाऱ्या अभ्यासकाची नजर आधी विमानाच्या नोंदणी क्रमांकाकडे जाते. भारतीय विमानांवर जशी ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात, तशी त्या वेळच्या अमेरिकी नागरी विमानांवर ‘एनसी’ ही अक्षरे असत. त्यांतील ‘एन’ देशाचा आणि ‘सी’ व्यावसायिक वापराच्या परवान्याचा निदर्शक होता. हा क्रमांक उजव्या पंखाच्या वरच्या बाजूस, डाव्या पंखाच्या खालच्या बाजूस आणि शेपटीवरील सुकाणूवर रंगवलेला असल्यामुळे बहुतेक कोनांतून तो अर्धामुर्धा तरी दिसतो, आणि त्यावरून सरकारी नोंदणी दप्तरातील मालकाचे नाव व गाव सापडू शकते. मात्र येथेच पुष्कळदा घाई होते. क्रमांकावरून विमानाचे घर कळते, ते उभे असलेले ठिकाण नव्हे. विमान ही मुळात इकडून तिकडे जाण्याचीच वस्तू आहे, शिवाय 1941 च्या अखेरीस अमेरिका युद्धात उतरल्यावर किनाऱ्यालगतच्या खासगी उड्डाणांवर निर्बंध आले आणि काही उड्डाणशाळा विमानांसह देशाच्या आतल्या भागात हलल्या.

म्हणून खरा पुरावा बहुधा विमानात नसून छायाचित्राच्या कडेला असतो. मागची पाण्याची टाकी, धान्याचे कोठार, टेकडीची रेषा, सावलीची दिशा या गोष्टी जुन्या नकाशांशी ताडून पाहता येतात. छपरे तर विशेष बोलकी असतात, कारण 1930 च्या दशकात वाट चुकलेल्या वैमानिकांसाठी गावाचे नाव आणि जवळच्या विमानतळाकडे नेणारा बाण मोठ्या अक्षरांत छपरांवर रंगवण्याची सरकारी मोहीम राबवली गेली होती. युद्ध सुरू होताच शत्रूला वाट कळू नये म्हणून किनारपट्टीजवळच्या अशा खुणा पुसण्यात आल्या. त्यामुळे पुसलेले छप्परसुद्धा काळाचा अंदाज देते. शेवटची खातरजमा होते ती कृषी खात्याने 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पीकक्षेत्र मोजण्यासाठी घेतलेल्या हवाई छायाचित्रांवर, ज्यांत चाकांनी दबलेल्या गवताचा फिकट पट्टा आजूबाजूच्या शेतांपासून वेगळा ओळखू येऊ शकतो.

अलाबामा राज्यातील टस्कीगीचे उदाहरण या दृष्टीने फार सूचक आहे. तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्थेत ही प्रशिक्षण योजना 1939 मध्येच आली, आणि गावाजवळचे केनेडी फील्ड हे गवताळ मैदान उड्डाणांसाठी वापरले जाऊ लागले. मार्च 1941 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी चार्ल्स अल्फ्रेड अँडरसन या कृष्णवर्णीय वैमानिकाबरोबर येथून उड्डाण केले, आणि विमानात पुढे अँडरसन व मागे हसऱ्या एलिनॉर हे छायाचित्र पुढे सर्वत्र छापले गेले. एलिनॉर विश्वस्त असलेल्या रोझेनवाल्ड निधीने 1,75,000 डॉलरचे कर्ज दिले, त्यातून मोटन फील्ड हा नवा तळ उभा राहिला आणि 1998 मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला. केनेडी फील्डच्या वाट्याला ते छायाचित्र आले. पण त्यात दोन चेहरे आणि विमानाच्या सांगाड्याच्या नळ्या एवढेच दिसते, धावपट्टी चौकटीबाहेर राहिली आहे.