जून काकडीचे धोंडस

कर्जत व खालापूर तालुक्यांत भात हे मुख्य पीक असून पावसाळ्यात परसात, बांधावर व डोंगरउतारावर काकडीचे वेल लावण्याची पद्धत आहे. कोवळ्या काकडीस बाजारात उठाव असतो. परंतु पानांआड राहून जून झालेल्या तवशास गिऱ्हाईक मिळत नाही. भात भरडताना निघणारी कणीही अल्प किमतीत जाते. या दोहोंचा घरी उत्तम उपयोग करून देणारा पदार्थ म्हणजे कोकणात पूर्वापार चालत आलेले धोंडस होय. भाजून वड्या पाडून खाण्याच्या या गोड पदार्थास मैदा, अंडी वा भट्टी लागत नाही.

साहित्य : कणीचा जाडसर रवा २ वाट्या, काकडीचा कीस पाण्यासह ४ वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, ओले खोबरे १ वाटी, तूप ३ चमचे, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड.

फळाची परीक्षा : किसण्यापूर्वी काकडीच्या दोन्ही टोकांचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास ते फळ टाकून द्यावे. हा कडवटपणा कुकरबिटासिन या द्रव्यामुळे येतो. ते शिजवल्याने नाहीसे होत नाही. गुळाने चव झाकली तरी उलट्या व जुलाब होण्याचा धोका राहतोच.

कृती : काकडी सोलून, बिया काढून किसावी. सुटलेले पाणी फेकू नये. रवा त्यातच शिजतो. रवा तुपावर मंद आचेवर खमंग भाजावा. कीस व गूळ एकत्र उकळून त्यात मीठ, खोबरे, वेलदोडा व रवा घालावा आणि गुठळी होऊ न देता ढवळावे. झाकण ठेवून वाफ आणावी. मिश्रण सैल शिऱ्याइतके असावे. घट्ट वाटल्यास थोडे गरम पाणी घालावे.

भाजणे : जाड बुडाच्या पातेल्यास तूप लावून तळाशी हळदीचे पान ठेवावे व मिश्रण दोन बोटे जाडीचे पसरावे. चुलीवर खाली मंद निखारे व झाकणावरही थोडे निखारे ठेवावेत. केवळ खालून आच दिल्यास तळ करपतो व वरचा भाग ओला राहतो. गॅसवर पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर सुमारे ४० मिनिटे भाजावे. वरचा रंग फिकट राहिला तरी तो दोष नव्हे. काडी टोचून कोरडी निघाल्यास धोंडस तयार झाले असे समजावे.

वड्या पूर्ण थंड झाल्यावरच पाडाव्यात. तांदळात गव्हाप्रमाणे ग्लूटेन नसते. शिजलेला स्टार्च निवताना आळतो, त्यामुळेच वडी धरते. गरम असताना कापल्यास तिचा भुगा होतो.

ओलावा व खोबरे यांमुळे धोंडस फार टिकत नाही; ते त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी संपवावे. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी श्रावण-भाद्रपदात महिला बचत गटांपुढे याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. गूळ, खोबरे, तूप व इंधन यांचा खर्च फळ्यावर मांडावा, म्हणजे वडीची किंमत किती ठेवावी हे भगिनींना स्वतःच ठरविता येईल.