बांधावरची गारगोटी

नांगरताना लागलेली गारगोटी भिरकावण्यापूर्वी जरा न्याहाळा. चाकूचे टोक ओढा. तिच्यावर चरा उठत नाही. काचेवर मात्र ती चरा पाडते. लिंबू पिळले तर चुनखडीसारखे बुडबुडे येत नाहीत. आपल्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सिलिका साचून ती बनली. ठोकली की धारदार चिपा निघतात.

म्हणूनच घोडनदीकाठच्या इनामगावात ३,००० वर्षांपूर्वीचे शेतकरी तिची पाती वापरीत. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात ती सापडली. तुमच्या रानातही बोटाच्या पेराएवढी, दोन्ही कडा सरळ असलेली पाती दिसली, तर उचलू नका. जागेवर खूण करा, पुरातत्त्व खात्याला कळवा. जागा हरवली, की पात्याची हकीकतही हरवते.